गोपालनगर, तिसरा बसस्टॉप

नंदेश्वरांनी गव्हाच्या कोठीतून समुद्र काढला.
आधी फिन्स, निळे, टाचेशी झिजलेले,
मग जाकीट,
मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला रेग्युलेटर.
'उन्हाळा रबर खाते बाई इथं,' ते म्हणाले, जरा मोठ्यानंच,
'म्हणून गहू ड्रमात, अन् हे कोठीत.'
बाहेर एप्रिल. त्रेचाळीस.
कूलरची मोटार खाकरत होती.

माझ्याकडे एक कार्ड आहे, जानेवारीतलं, तारकर्लीचं.
फोटोत केस ओले, हसू घाबरलेलं.
चार बुड्या. सगळ्यात खोल अकरा मीटर.
महावितरणात बिलांच्या तक्रारी घेते मी.
ऑफिसात विचारतात, नागपुरात कुठं बुडणार मॅडम,
अंबाझरीत?
मी हसते. उत्तर अजून सापडलेलं नाही.

यादी करून नेली होती, एका भांडणातल्या बिलाच्या पाठीवर :
होज वाकवून पाहणे, टोकाशी चिरा.
फिल्टरवर हिरवं चढलंय का.
'यादी ठेव,' ते म्हणाले. 'तोंडात घे अन् ओढ.'
टोपण घट्ट होतं. मी ओढलं.
काहीच आलं नाही.
गाल आत गेले,
छातीला क्षणभर कुणीच नव्हतं.
'नाही आलं न? म्हणजे चांगला आहे.'
चांगलं असण्याची ही तऱ्हा मला नवी.

मास्क त्यांनी दाखवलाच नाही.
'दुसऱ्याच्या चेहऱ्याचा मास्क गळते. नवा घे.'
सिलिंडरही नको म्हणाले,
खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख नऊ वर्षांपूर्वीची,
'हा आता दार अडवाले ठेवला.'
दार खरंच अडलेलं होतं, पिवळ्या सिलिंडरनं,
आणि त्याच्या गळ्यात कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला.

मनगटी कॉम्प्युटरला नवी बॅटरी घातली
तर त्याला सगळं आठवत होतं :
एकतीस मीटर, चोवीस मिनिटं. त्यानंतर काही नाही.
'हीच शेवटची?' मी विचारलं.
त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला.
मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.
उजवा तिथंच राहिला असणार.

चौदा म्हणाले. मी अकरा म्हटलं, मग लाजले.
आतून, फोडणीच्या धुरातून, बाईंचा आवाज :
'द्या अकराले! गहू किती दिवस ड्रमात ठेवू?'

मग त्यांनी जाकिटाची नळी तोंडाला लावली.
एक फुंकर, दोन, पाच.
मध्ये थांबले, खोकले, पुन्हा.
जाकिटाला हळूहळू पाठ आली, बरगड्या आल्या.
'असंच ने. रात्रभर राहू दे.
सकाळी ढिलं पडलं तर पैसे वापस.'

स्कूटरवर पायांमध्ये उभं केलं ते,
हँडल वळेना.
छत्रपती चौकाच्या सिग्नलला शेजारच्या पोरानं विचारलं,
'काकू, पूर येऊन राहिला का?'

रात्री कूलरसमोर ठेवलं, वाळ्याच्या वासात.
दोनला लाईट गेली.
तक्रार कुणाकडे करणार, मीच ती खिडकी.
अंधारात घामानं भिजून बसले
आणि ते बसलं होतं समोर,
पोट न सोडता.

सकाळी बोटानं दाबलं. टणक.
समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर
मानेवाड्यातल्या माझ्या फरशीवर
कुणाचे तरी पाच श्वास, जसेच्या तसे.
घडी घालायची तर सोडावे लागतील.
अंगठा बटणावर ठेवला, काढला,
आणि फोन लावला.

'ढिलं नाही पडलं.'
'काय?'
मी पुन्हा सांगितलं, डाव्या कानासाठी.
'मंग! मी सांगितलं नव्हतं?'
पुढं ते काही बोलले नाहीत, फोनही ठेवला नाही.
मागे कोठीत गहू ओतला जात होता,
बराच वेळ.